हळदीने कॅन्सरच्या पेशी मेल्या, म्हणजे नेमकं काय झालं?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा हळकुंडाची जाडी, पॉलिश आणि मोडल्यावर दिसणारा आतला रंग बघतात. अर्क काढणाऱ्या कंपन्यांचा खरेदीदार असेल तर तो आणखी एक प्रश्न विचारतो: करक्युमिन किती टक्के? करक्युमिन म्हणजे हळदीला पिवळेपणा देणारं द्रव्य. साध्या हळदपुडीत ते ३ टक्क्यांच्या आसपास असतं; जात, जमीन आणि काढणीप्रमाणे दोनपासून पाचपर्यंत कमी-जास्त होतं.

याच द्रव्याच्या नावाने व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक बातमी फिरते, की हळदीने तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी नष्ट झाल्या. कधी हळदीच्या जागी तुळस असते, कधी कडुलिंब, कधी शेवगा. अशी बातमी बऱ्याचदा खोटी नसते, हीच खरी अडचण आहे. कुठल्यातरी प्रयोगशाळेत कुणीतरी तो प्रयोग खरोखर केलेला असतो आणि पेशी खरोखर मेलेल्या असतात. फक्त त्या प्रयोगाने काय कळलं आणि काय कळलं नाही, एवढंच बातमीत नसतं.

आपल्याकडे हा विषय दूरचा नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर मावा मळून मिळतो, खिशात तंबाखू-चुन्याची डबी असते आणि खेड्यात कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरांत तोंडाचा कॅन्सर अगदी वरच्या क्रमांकावर आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते आणि जवळपास ८० हजार मृत्यू. घरात असा रुग्ण असला की व्हॉट्सॲपवरची ती बातमी नुसती बातमी राहत नाही. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलून आधी काढा घेऊन बघू, इथपर्यंत गोष्ट जाते.

म्हणून तो प्रयोग कसा होतो ते पहिल्यापासून बघू.

पेशी कुणाच्या असतात?

प्रयोग माणसावर होत नाही, उंदरावरही नाही. तो होतो प्लास्टिकच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर. कधीकाळी एखाद्या रुग्णाच्या गाठीचा तुकडा काढलेला असतो. त्यातल्या काही पेशी पोषक द्रवात तग धरतात आणि न थांबता विभागत राहतात. अशा पेशींच्या न संपणाऱ्या पिढ्यांना सेल लाइन म्हणतात. तोंडाच्या कॅन्सरच्या अभ्यासात नेहमी दिसणारी कॅल-२७ ही लाइन १९८२ साली एका ५६ वर्षांच्या माणसाच्या जिभेच्या गाठीतून मिळाली. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या पेशी आजही वाढताहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अशा पेशींचं भांडार आहे. कराड, सांगली किंवा कोल्हापूरच्या संशोधकाला तिथून त्या मागवता येतात.

या पेशींचे लाडही बरेच असतात. ३७ अंश तापमान, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, साखर-क्षार-अमिनो आम्लं असलेला गुलाबी द्रव, त्यात गाईच्या गर्भाच्या रक्तापासून काढलेलं सीरम आणि जंतू वाढू नयेत म्हणून प्रतिजैविकं. द्रव गुलाबीचा पिवळा झाला की समजायचं, पेशींनी आम्ल सोडलंय, अन्न बदला. रात्रभर वीज गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला तर महिन्याचं काम वाया. आपल्याकडच्या छोट्या प्रयोगशाळांत संशोधनाचा बराच वेळ पेशी जगवण्यातच जातो.

आणि पेशी जगल्या तरी त्या नक्की कुणाच्या, हा प्रश्न उरतोच. १९५० च्या दशकात अमेरिकेत केबी नावाची एक लाइन तयार झाली. तोंडाच्या तळाच्या कॅन्सरमधून काढलेली, अशी तिची नोंद. तोंडाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्यांनी ती भरपूर वापरली, शेकडो वनस्पतींचे अर्क तिच्यावर तपासले गेले. पुढे तपासणीत निघालं की या पेशी तोंडाच्या नाहीतच. त्या हेला पेशी आहेत, म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या. हेला इतक्या जोमाने वाढतात की एखादा थेंब चुकून दुसऱ्या भांड्यात गेला तर काही आठवड्यांत मूळच्या पेशींना हुसकावून सगळं भांडं व्यापतात. हे १९६० च्या दशकातच उघड झालं होतं, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं 'तोंडाच्या कॅन्सरच्या केबी पेशी' असं लिहिलेले शोधनिबंध छापून येत राहिले. आजही येतात. एखाद्या लेखात केबी दिसलं की मी पुढचं पान जरा सावधपणेच उलटतो. पेशींची जनुकीय ओळख पटवायची चाचणी आता सहज उपलब्ध आहे. ती केली आहे असं निबंधात लिहिलेलं नसेल तर ती उणीवच धरावी.

दुसरी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. नेहमीच्या वापरातल्या बऱ्याच लाइन जिभेच्या कॅन्सरच्या आहेत आणि त्या पाश्चात्त्य किंवा जपानी रुग्णांच्या. आपल्याकडे माणूस तंबाखूची गोळी किंवा मावा गालात, हिरडीला टेकवून तासन् तास धरतो. कॅन्सरही तिथेच होतो, गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत भारतीय रुग्णांच्या अशा गाठींपासून लाइन तयार झाल्या आहेत, पण त्या अजून सगळीकडे पोचलेल्या नाहीत. त्यामुळे फ्रान्समधल्या कुणाच्या जिभेच्या पेशींवर हळद टाकून आलेला आकडा तासगावच्या मावा खाणाऱ्याच्या गालाला जसाच्या तसा लावता येत नाही.

अर्क काढणं हे निम्मं काम

आता वनस्पतीकडे वळू. पाला कुटून रस टाकला, असं नसतं. आधी वनस्पतीची ओळख पक्की करतात. वाळवलेला नमुना तज्ज्ञाला दाखवून नोंदवतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, तिथल्या संग्रहात असे नमुने जपलेले आहेत. हे नुसतं सोपस्कार म्हणून नाही. गावोगावी एकाच नावाने तीन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात, आणि बाजारातून आणलेल्या पुडीत काय मिसळलंय ते देव जाणे. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट लावल्याची प्रकरणं भारतीय उपखंडात सापडली आहेत. शिसं आणि क्रोमियम दोन्ही विषारी. अशा हळदीच्या अर्काने पेशी मेल्या तर श्रेय कुणाचं?

मग वाळवायचं, दळायचं आणि द्रावकात भिजवून त्यातली द्रव्यं ओढून घ्यायची. द्रावक बदलला की अर्क बदलतो. हेक्झेनमध्ये तेलकट द्रव्यं उतरतात, मेथनॉलमध्ये बरीचशी फिनॉल गटातली, पाण्यात शर्करा, क्षार, टॅनिन वगैरे. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे 'हळदीचा अर्क' या नावाखाली दोन प्रयोगशाळांत दोन वेगळ्या वस्तू असू शकतात. घरात उकळलेला काढा ही त्याहून वेगळी, तिसरी वस्तू. बातमीत या तिन्हींना हळदच म्हणतात.

द्रावक उडवून लावला की तळाला चिकट गोळा उरतो. तो पेशींच्या द्रवात थेट मिसळत नाही, म्हणून आधी डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवतात. इथे एक खाच आहे. डीएमएसओ स्वतःच पेशींना घातक असतो. त्याचं प्रमाण अर्धा टक्क्याच्या आत ठेवायचा दंडक आहे, आणि नुसता डीएमएसओ घातलेल्या पेशी वेगळ्या ठेवून त्यांच्याशी तुलना करावी लागते. ती तुलना नसेल तर पेशी अर्काने मेल्या की डीएमएसओने, हे कळायला मार्ग नाही.

जांभळा रंग

मुख्य प्रयोग होतो तळहातावर मावणाऱ्या प्लास्टिकच्या प्लेटवर. तिच्यात ९६ छोटे खळगे असतात. प्रत्येकात पाच ते दहा हजार पेशी सोडतात आणि त्या तळाला चिकटेपर्यंत एक रात्र थांबतात. दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या खळग्यांत अर्काचं चढतं प्रमाण: एका मिलीलीटरला ५ मायक्रोग्रॅम, १०, २०, ४०, ८० असं. प्रत्येक प्रमाणाचे तीन तरी खळगे. काही खळग्यांत काहीच नाही. काहींत नुसता डीएमएसओ. काहींत सिस्प्लॅटिनसारखं दवाखान्यात वापरलं जाणारं कॅन्सरचं औषध, म्हणजे प्रयोग नीट चालतोय याची खात्री. मग २४, ४८ किंवा ७२ तास वाट.

किती जगल्या ते मोजायचं कसं? एकेक पेशी मोजणं अशक्य. इथे १९८३ साली प्रसिद्ध झालेली एक युक्ती कामी येते, तिचं नाव एमटीटी चाचणी. एमटीटी हे पिवळं रसायन. जिवंत पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा चालू असेल तर ती या पिवळ्या रसायनाचे जांभळे स्फटिक करते. मेलेल्या पेशीला ते जमत नाही. तीन-चार तासांनी स्फटिक विरघळवायचे आणि यंत्रात ५७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडून रंग किती गडद ते वाचायचं. गडद जांभळा म्हणजे पुष्कळ जिवंत, फिका म्हणजे थोड्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही प्लेट फार देखणी वाटते. एका टोकाला जांभळी, दुसऱ्या टोकाला जवळजवळ पारदर्शक.

पण ही चाचणी खरं म्हणजे जिवंतपणा मोजत नाही, ती ऊर्जेची यंत्रणा किती जोरात चालू आहे ते मोजते. पेशी मेली नसेल, नुसती मंदावली असेल, तरी रंग फिका येतो. याउलट वनस्पतींतली कित्येक फिनॉल गटातली द्रव्यं, ज्यांचं अँटिऑक्सिडंट म्हणून कौतुक होतं, ती पेशी नसतानाही एमटीटीला थेट जांभळं करतात. मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. करक्युमिन तर स्वतःच गडद पिवळं. त्याचा रंगही यंत्राच्या वाचनात मिसळू शकतो. म्हणून पेशी नसलेल्या खळग्यात नुसता अर्क घालून तेही वाचन घ्यायचं असतं. शिवाय एसआरबी नावाची दुसरी चाचणी आहे, ती पेशींमधल्या प्रथिनांना रंग देते आणि या गोंधळापासून बऱ्यापैकी लांब राहते. दोन चाचण्यांचं उत्तर जुळलं तर विश्वास ठेवायला जागा आहे.

यातून जो आकडा निघतो त्याला आयसी-५० म्हणतात: पेशींची वाढ निम्म्यावर आणायला अर्काचं किती प्रमाण लागलं. आकडा जितका लहान तितका अर्क जोरकस. कच्च्या अर्कासाठी, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या निकषाच्या आधारे, मिलीलीटरला ३० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर पुढे तपासण्याजोगा असं धरतात. आपल्याकडच्या पुष्कळ निबंधांत हा आकडा दोनशे, तीनशे, कधी पाचशे असतो आणि तरी निष्कर्षात 'कॅन्सरविरोधी गुणधर्म आढळले' असं लिहिलेलं असतं. इतक्या प्रमाणात जवळपास काहीही टाकलं तरी पेशी बिघडतात.

मारणं सोपं, सोडणं अवघड

पेशी मारायला वनस्पतीच लागते असं नाही. मीठ जास्त घातलं तरी मरतात, फिनाइलने तर हमखास. प्रश्न आहे तो शेजारच्या चांगल्या पेशीचं काय होतं हा. उसाच्या रानात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं की रुंद पानाचं तण जळतं आणि ऊस उभा राहतो. ग्लायफोसेट मारलं तर तणाबरोबर ऊसही जातो. शेतकरी पैसे मोजतो ते या निवडकपणासाठी. आणि तेच टू-फोर-डी वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेत गेलं तर वेलींची पानं आकसतात, हेही तासगावकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणजे निवडकपणाही कुणाच्या बाबतीत, हे बघावं लागतं.

म्हणून नीट केलेल्या प्रयोगात तोच अर्क, त्याच प्रमाणात, निरोगी पेशींवरही टाकतात, हिरडीतून काढलेल्या किंवा त्वचेच्या. निरोगी पेशींचा आयसी-५० भागिले कॅन्सर पेशींचा आयसी-५०, हा भागाकार म्हणजे निवडकपणाचा अंक. तो एकच्या आसपास असेल तर अर्क दोघांनाही सारखाच मारतो. दोन-तीनच्या वर गेला तर थोडी आशा. बातमी वाचताना एकच गोष्ट शोधायची असेल तर हा अंक शोधा. बहुतेक वेळा निरोगी पेशी तपासलेल्याच नसतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या पानदानातच आहे. सुपारीतलं ॲरेकोलिन हे द्रव्य पुरेशा प्रमाणात भांड्यातल्या पेशींवर टाकलं तर त्यांचं विभाजन थांबतं. २००१ साली केबी पेशींवर असं काम प्रसिद्ध झालं आहे. नुसत्या या प्रयोगावर बातमी केली असती तर ती काय झाली असती? 'सुपारी रोखते कॅन्सर पेशींची वाढ'. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारी माणसात कॅन्सर करते असं स्पष्ट जाहीर केलं, तंबाखू असो वा नसो. तोंड उघडेनासं करणारा सबम्युकस फायब्रोसिस तिच्यामुळेच होतो आणि त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. तीन दिवस भांड्यात भरपूर प्रमाणात ठेवल्यावर होणारा परिणाम आणि वीस वर्षं गालात थोडं थोडं झिरपल्यावर होणारा परिणाम यांचा एकमेकांशी मेळ असेलच असं नाही. आणि हो, तंबाखू आणि सुपारी या दोन्ही शंभर टक्के नैसर्गिक, वनस्पतीजन्य वस्तू आहेत.

रक्तापर्यंत पोचतं किती?

आता हळदीवरच बोलू, कारण तिच्यावर जितकं काम झालंय तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या मसाल्यावर झालं असेल. तोंडाच्या कॅन्सर पेशींवर करक्युमिनचा परिणाम साधारण १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवात द्रव्याचे रेणू किती दाट आहेत ते मोजायचं एकक) या प्रमाणात दिसतो. परिणाम चांगला असतो: पेशी ठरवून स्वतःला संपवतात, सरकण्याचा वेग कमी होतो. पण माणसाच्या रक्तात एवढं करक्युमिन पोचतं का?

२००१ साली तैवानमध्ये याचं उत्तर मिळालं. कॅन्सरपूर्व चट्टे किंवा कॅन्सरचा धोका असलेल्या रुग्णांना रोज ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध करक्युमिन दिलं. रक्तातलं सर्वोच्च प्रमाण सरासरी १.७७ मायक्रोमोलर भरलं, तेही गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांनी, आणि मग ते हळूहळू उतरत गेलं. त्याहून जास्त द्यायला गेले तर गोळ्यांचा ढीग इतका झाला की रुग्णांनीच नको म्हटलं. ८ ग्रॅम करक्युमिन हळदपुडीतून मिळवायचं तर रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. हळदीच्या दुधात अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम धरली, तर त्यातून करक्युमिन मिळतं ४५ मिलीग्रॅमच्या आसपास. आतडं आणि यकृत मिळून त्याचीही लगोलग विल्हेवाट लावतात. शिवाय रक्ताइतक्या आम्ल-अल्कली पातळीच्या साध्या द्रावणात करक्युमिनचे अर्ध्या तासात नव्वद टक्के तुकडे होतात. सीरम असेल तर जरा जास्त टिकतं.

तोंडाच्या बाबतीत एक पळवाट मात्र आहे, आणि मला या सगळ्या संशोधनात खरी उत्सुकता वाटते ती याच जागी. गालावरचा चट्टा डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो. औषध रक्तातून न्यायची गरज नाही. जेल किंवा चिकटून राहणारी पट्टी थेट तिथे लावता येईल. मग रक्तात न पोचणारं प्रमाण जागेवर पोचवता येईल. अडचण लाळेची. ती सतत धुऊन नेते, आणि वरच्या थरातून आत शिरणंही सोपं नाही. पेशींना चिकटणारे जेल, सूक्ष्म कण असं बरंच काम चालू आहे. ते माणसांवर सिद्ध व्हायचं आहे.

माणसांवर झालेली एक चाचणी सांगण्यासारखी आहे. तोंडात पांढरा चट्टा, म्हणजे ल्युकोप्लेकिया असलेल्या २२३ रुग्णांवर दक्षिण भारतात ती झाली. निकाल २०१६ मध्ये छापून आला. निम्म्यांच्या जवळपास लोकांना रोज ३.६ ग्रॅम करक्युमिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, सहा महिने. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. करक्युमिन घेणाऱ्यांपैकी ६७.५ टक्क्यांचे चट्टे सुधारले. आकडा झकास वाटतो. पण नुसती गोळी घेणाऱ्यांचेही ५५.३ टक्के सुधारले. म्हणजे करक्युमिनचं स्वतःचं श्रेय बारा टक्क्यांचं. आणि तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा पेशींच्या पातळीवर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दुसरा गटच नसता तर 'हळदीने तीनपैकी दोघे बरे' असं छापून आलं असतं.

मग वनस्पतींतून औषध येतच नाही का?

येतं, आणि सातारा जिल्ह्यातल्या जंगलात त्याचा पुरावा उभा आहे. महाबळेश्वर, कोयना परिसरात नरक्या नावाचं झाड आहे. १९७२ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी त्यात कॅम्टोथेसिन असल्याचं दाखवलं. हे द्रव्य मुळात १९६६ मध्ये वॉल आणि वाणी या अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांच्या जोडीने एका चिनी झाडातून काढलं होतं. भांड्यातल्या पेशींवर ते भन्नाट चाललं. १९७० च्या दशकात माणसांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव आणि इतर दुष्परिणाम इतके झाले की चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन तयार झाली, आणि १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तीस वर्षं लागली. मधल्या काळात आपल्याकडे नरक्याची इतकी बेकायदा तोड झाली की झाडच धोक्यात आलं.

याच वॉल-वाणी जोडीचा दुसरा शोध पॅक्लिटॅक्सेल. यू झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली, औषध म्हणून मान्यता १९९२ मध्ये. त्याचाच भाऊबंद डोसिटॅक्सेल आज तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारात सर्रास वापरतात. म्हणजे मिरजेत केमो घेणाऱ्या रुग्णाच्या सलाइनमध्ये कदाचित झाडापासून आलेलं औषधच असतं, फक्त ते मोजून, शुद्ध करून, दुष्परिणामांची यादी हातात घेऊन दिलेलं. अंगणातल्या सदाफुलीतून आलेलं व्हिन्क्रिस्टिनही तसंच. त्यासाठी सदाफुलीची पानं चावायची नसतात. त्यातली द्रव्यं मज्जातंतू बिघडवतात आणि पानागणिक त्यांचं प्रमाण बदलतं.

या वाटेवर किती टिकतात, याचाही हिशेब आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५ हजार वनस्पतींचे १ लाख १४ हजार अर्क तपासले. त्यातून औषध म्हणून बाहेर पडली ती बोटांवर मोजण्याइतकी. भांड्यातल्या प्रयोगानंतर सक्रिय रेणू वेगळा काढायचा, हॅमस्टरच्या गालाच्या पिशवीत रसायन लावून केलेल्या गाठीवर तो तपासायचा, मग माणसांवर तीन टप्पे. कॉलेजातल्या विद्यार्थ्याने एमटीटीपर्यंत येऊन थांबणं यात काही कमीपणा नाही. पहिली चाळणी कुणीतरी लावायलाच हवी. फक्त चाळणीत अडकलेल्या प्रत्येक खड्याला हिरा म्हणू नये.

राहता राहिला घरातल्या रुग्णाचा प्रश्न. जेवणातली हळद खुशाल खावी. गोळ्या वेगळ्या. करक्युमिन रक्तात जास्त उतरावं म्हणून बऱ्याच गोळ्यांत मिऱ्याचं पायपरिन घालतात, आणि अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत. केमो चालू असताना यकृतावर आधीच ताण असतो, म्हणून गोळी, काढा, चूर्ण, जे काही चालू असेल ते कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. आणि ज्याच्या तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, पांढरा किंवा लाल चट्टा जात नाही, तिखट झोंबतं, तोंड उघडताना तीन बोटं आत जात नाहीत, त्याने हळद लावून वाट बघू नये. दातांच्या डॉक्टरकडे किंवा सरकारी दवाखान्यात जाऊन तोंड दाखवावं. गरज वाटली तर ते तुकडा काढून तपासायला पाठवतील. आधी गावात कोणाला कळता कामा नये, असं बऱ्याच जणांना वाटतं. तपासणीला जाताना कुणाला सांगायची गरजही नाही.